ठोकल्यावर दुखतं का?

खामगाव, ३ डिसेंबर २०२५

चि. स्वरदा,

पोचतील तेवढे आशीर्वाद.

फोनच केला असता, पण तुझा फोन गेली तीन वर्षं माझा नंबर ओळखत नाही. चिन्मयला मध्ये घालून बापाने लेकीची खुशाली विचारायची, हे मला जमत नाही. जावई भला माणूस आहे, म्हणून त्याला पोस्टमन करू नये. खऱ्या पोस्टमनला अजून सरकार पगार देतं, त्याचंच काम वाढवतो.

विशेष काही नाही. पायाला बारीकशी जखम झाली आहे. ती कशी झाली ते मात्र लिहितो, कारण खामगावात ते सगळ्यांना कळलं आहे आणि पुण्यापर्यंत कोणीतरी तिखटमीठ लावून पोचवणारच. तिखटमीठ लावायचंच तर मीच लावतो.

परवा जिनिंगच्या कारखान्यावर मोताळ्याकडचा सहदेव नावाचा शेतकरी कापूस घेऊन आला. माल पांढराशुभ्र. मी नेहमीसारखा ढिगावर चढलो, चार ठिकाणची चिमूट काढली, दोन अंगठ्यांत धरून धागा ओढला. एकोणतीस मिलिमीटर. या बाबतीत मशीनने माझ्याशी वाद घातला तर मालक मशीन दुरुस्तीला पाठवतात, हे तुला माहीत आहे. उतरून मागे बघतो तर ढिगावर डाग. लाल, ओले, एका ओळीत. सहदेवला मी भर अंगणात धरला. म्हणालो, "कापूस वेचला का त्याच्यावर कोंबडी कापली रे?" हमाल हसले. मी बोललो की हमाल हसतात, ही माझी तीस वर्षांची प्रतिष्ठा. ग्रेड उतरवली आणि चिठ्ठीवर 'डागी' लिहिलं.

सहदेव म्हणाला, "सायेब, घरून निघाला तवा चांगला होता हो."

तेवढ्यात कडूबा पुढे झाला. आपला जुना हमाल, तू शाळेत जायच्या आधी ज्याच्या खांद्यावर बसून गाठी मोजायचीस तो. खाली वाकून म्हणाला, "सायेब, कापसाले डाग नाही. तुमचा पाय गळून राह्यला."

गाठीला बांधतात ती लोखंडी पट्टी असते ना, तिचा बोटभर तुकडा चपलेतून आरपार जाऊन उजव्या अंगठ्याखाली घुसलेला. कधी घुसला ते मला माहीत नाही. सकाळपासून असावा. मी त्याच्यासकट चहाला जाऊन आलो, दोन वेळा वजनकाट्यापर्यंत जाऊन आलो, त्या माणसाच्या मालावर नाचलो, आणि त्याच्या मालाला नाव ठेवलं.

चिठ्ठी फाडून दुसरी लिहिली. माफी मागितली नाही. "माल चांगला आहे" एवढं म्हणालो. त्यावर तो काय म्हणाला असेल? "पायाचं पाहा सायेब."

साखर जरा वाढली आहे. गोळ्या घेतो. काळजीचं काही नाही.

बाबा


खामगाव, १२ डिसेंबर २०२५

चि. स्वरदा,

उत्तर आलं नाही. अपेक्षा नव्हती, पण पोस्टमनच्या सायकलकडे बघायची सवय लागली आहे.

काल कडूबाने मला जवळजवळ उचलून दवाखान्यात नेलं. नवे डॉक्टर आहेत, धम्मरत्न नावाचे, तुझ्याच वयाचे. बोलतात कमी, त्यामुळे माझी पंचाईत झाली. मला डोळे मिटायला सांगितलं आणि मासे धरायच्या दोरीसारखा नायलॉनचा एक तंतू घेऊन तळव्याला टोचत गेले. टोचलं की 'हो' म्हणायचं. मी डोळे मिटून बसलो, चांगली पाच मिनिटं. शेवटी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, सुरू करा आता." ते म्हणाले, "काका, दहा जागा झाल्या."

कडूबा खोलीच्या दारात उभा होता. त्याने मान फिरवली.

मग मला बरं वाटावं म्हणून असेल, त्यांनी कंपासपेटीतला दोन टोकांचा कंपास काढला. बोटाच्या पेरावर दोन्ही टोकं अगदी जवळ, दोन मिलिमीटरवर टेकवली. मी म्हणालो, दोन. हातावर तेवढ्याच अंतरावर टेकवली, मला एकच वाटलं. पाठीवर तर टोकं तीन बोटं लांब नेली तरी मी एकच म्हणत होतो. ते म्हणाले की हे सगळ्यांचं असंच असतं, त्यात आजार नाही. मेंदूत म्हणे शरीराचा एक नकाशा असतो. त्यात ओठांना आणि बोटांना ऐसपैस जागा, आणि एवढी मोठी पाठ, पण तिला नकाशात चार वावरंसुद्धा नाहीत.

मी म्हटलं, मग ओठ आणि बोटं म्हणजे मुंबई-पुणे आणि पाठ म्हणजे आपला विदर्भ. इथे दोन माणसं ओरडली तरी वर एकच ऐकू जातं. पाठीचाही अनुशेष काढा एकदा. डॉक्टर पहिल्यांदा हसले.

पुढे ते हृदयाबद्दलही काही सांगत होते. त्या नकाशात त्याची जागा कुठे असते वगैरे. मी ऐकलं नाही. मला पाठीवरून दुसरंच आठवलं होतं. झोप येत नसली की तू पालथी पडायचीस, "बाबा, अक्षर." मी बोटाने पाठीवर अक्षर काढायचो आणि तू ओळखायचीस. बारीक काढलं की तुझं हमखास चुकायचं, 'ळ'ला 'क' म्हणायचीस. मी तुला आळशी म्हणायचो. आता कळलं की तुझी चूक नव्हती, पाठीला तेवढं बारीक वाचताच येत नाही. मग मी पाठभर एकच अक्षर काढायचो, हळू, आणि तू लगेच ओळखायचीस.

विषय निघालाच आहे तर त्या दिवसाचंही लिहून टाकतो, म्हणजे मनात राहायला नको. तुझ्या आईचा जबडा दुखत होता. भोगीचा दिवस, घरात तिळाची वडी, दगडासारखी झालेली. तू फोनवर म्हणालीस, चमच्याच्या दांड्याने दाढ ठोकून बघा. मी ठोकली. ती कळवळली. मी तुला तसं सांगितलं. दुखरी दाढ आहे म्हटल्यावर तू म्हणालीस, आत्ता गोळी द्या, सोमवारी दाखवा. रविवारी सकाळी ती गेली. यात कोणाचं काय चुकलं? कोणाचंच नाही. हृदय निघालं ते, कोणाला कळणार होतं?

जखम भरत आहे.

बाबा


खामगाव, २६ डिसेंबर २०२५

चि. स्वरदा,

जखम भरत नव्हती. मागच्या पत्रात खोटं लिहिलं होतं. अकोल्याला नेऊन उजव्या पायाचा अंगठा काढला, त्याला आज आठ दिवस झाले. तुला कळवू नये असं मी बजावलं होतं. पण मंजुळाबाईने चिन्मयला फोन केला, हे मला नंतर कळलं. मंजुळाबाई म्हणजे आपल्याकडे धुणंभांडी करायची ती; तुझी आई गेल्यावर दोन्ही वेळचा स्वयंपाकही तीच करते. मी तिला म्हटलं, "तुला कोणी सांगितलं होतं?" तर ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "बाई होत्या तवा त्यायले बोलत होते. आता मले बोलून राह्यले. त्या ऐकून घेत होत्या, मी काऊन ऐकू?"

त्या बाईचा धागा लांब आहे आणि मजबूतही.

अंगठा गेल्याचं दुखलं का विचारशील. गंमत म्हणजे नाही. आता मात्र दुखतो. नसलेला अंगठा रात्रंदिवस ठणकतो. डॉक्टर धम्मरत्न म्हणतात, नकाशातली त्याची जागा अजून रिकामी झालेली नाही. होता तेव्हा मुका होता, गेल्यावर बोलायला लागला. मी त्यांना म्हटलं, आमच्या घरात हे दुसऱ्यांदा होतंय.

चिन्मय परवा येऊन गेला हे त्याने तुला सांगितलं असेल. सांगितलं नसेल तर त्याला रागावू नकोस. माझ्या खाटेशेजारी दोन तास बसला, संत्री सोलून देत. मी त्याला चिडवत होतो, की सासरा असा तुकड्यातुकड्याने जाणार, प्रत्येक वेळी रजा कुठून काढशील. तो हसला नाही. म्हणाला, "बाबा, तुम्हाला माहीत आहे का, स्वरदाने क्लिनिक सोडलं?"

मला वाटत होतं की तू दात बघतेस. दीड वर्षापासून तू विम्याच्या ऑफिसात बसून लोकांचे दवाखान्याचे कागद तपासतेस, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चिन्मय म्हणाला, पेशंटने आ केला की तिचा हात थांबतो. आरसा तोंडात जातो आणि पुढे काही होत नाही. म्हणते, जबड्याचं दुखणं छातीचंही असतं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. मी बाबांना दोन प्रश्न विचारायला हवे होते, एकच विचारला. ठोकल्यावर दुखतं म्हणाले आणि मी सुटल्यासारखी झाले.

स्वरदा, मी तीन वर्षं समजत होतो की तू माझ्यावर रागावून बसली आहेस. तेराव्याला मी जे बोललो त्यावरून. राग मला चालला असता. राग माझ्या ओळखीचा आहे, लोक माझ्यावर कायम रागावतात आणि पुन्हा चहाला येतात.

हे मला माहीत नव्हतं.

आज एवढंच. पट्टी बदलायला माणूस आला आहे.

बाबा


खामगाव, ५ जानेवारी २०२६

चि. स्वरदा,

चार पत्रं लिहून फाडली. ती चांगली लिहिली होती म्हणून फाडली.

आधी तेराव्याचं. पंगत अजून उठायची होती. तुझे मामा म्हणाले, "दात दुखून कधी कोणी जातं का हो?" सगळे माझ्याकडे बघत होते. मला त्या बघण्याची भीती वाटली, आणि मला भीती वाटली की मी विनोद करतो. म्हणालो, "घरात दाताची डॉक्टर. तिला दातच दिसणार." तू पाण्याचा तांब्या घेऊन पंगतीच्या टोकाला उभी होतीस. कोणीच हसलं नाही. माझ्या आयुष्यातलं ते एकच वाक्य असेल ज्यावर हमालसुद्धा हसले नाहीत. तू तांब्या खाली ठेवलास, नीट, न सांडता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेलीस.

ते वाक्य मी परत घेतो. घेता येत नाही हे माहीत आहे. ग्रेडची चिठ्ठी फाडून दुसरी लिहिता येते, तेवढीच मला सवय आहे.

पण ते वाक्य अर्धंच आहे. उरलेलं अर्धं लिहायला बसलो की मी आधी पायाबद्दल लिहितो, मग डॉक्टरांबद्दल, मग मंजुळाबाई जेवायला बोलावते आणि मी उठतो. आत्ताही तिने हाक मारली आहे. "सायेब, थंडं झालं तं मले नका म्हणू."

उठतो.

बाबा


खामगाव, १४ जानेवारी २०२६, संक्रांत

चि. स्वरदा,

वर्षातून हा एक दिवस सगळं खामगाव मला गोड बोलायला सांगतं. सकाळपासून बारा जण येऊन गेले. आता दार लावून बसलो आहे. मंजुळाबाईला सांगितलं आहे की पत्र पुरं झाल्याशिवाय मी जेवणार नाही. ती म्हणाली, "मंग लवकर लिवा."

एक गोष्ट आधी सांगतो, कारण ती माझ्या आळसावर उतारा आहे. गेल्या आठवड्यात मालकांनी घरी दोन नमुने पाठवले, मी बसल्या जागी बघावेत म्हणून. मी धागा ओढला. सत्तावीस की एकोणतीस, मला सांगता येईना. दोन्ही एकच वाटले. डाव्या हाताने बघितलं, तेच. पाठीवर कंपास टेकवावा तसं. मी अंदाजाने आकडे लिहून दिले. मशीनचे आकडे वेगळे आले, तर मालकांनी मशीन दुरुस्तीला पाठवलं आहे. मी अजून काही बोललो नाही. तेव्हा बोटं चालली आहेत. पेन धरता येतं तोवर हे लिहून व्हायला पाहिजे.

शनिवार, भोगी, तीन वर्षांपूर्वी. संध्याकाळचे साडेपाच. आपल्याकडे मालक आणि वजनकाट्यावरचा गोपाल बसले होते. तुझी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, पदराने घाम पुसत. थंडीत घाम, हे मला दिसलं होतं. म्हणाली, "अहो, जबडा दुखतोय मघापासून, डाव्या बाजूचा. कसंतरीच होतंय." मी म्हणालो, "बोलणं कमी कर, जबडा राहील." मालक हसले. गोपाल हसला. मग मी तिला जवळ बोलावलं आणि सगळ्यांसमोर बोटांनी जबडा चाचपला, ढिगातली चिमूट बघतात तसा. म्हणालो, "खालची मागची दाढ. तिळाची वडी. माझी बोटं चुकत नाहीत." मालक म्हणाले, "ग्रेडरने निकाल दिला वहिनी, संपलं." मग तिला घेऊन मधल्या दारात गेलो आणि तुला फोन लावला. निकालावर डॉक्टरचा शिक्का हवा होता म्हणून.

तू पहिल्याच वाक्यात विचारलंस, "बाबा, ठोकल्यावर दुखतं का?"

मी चमचा मागवला. तो तिनेच आणून दिला. दांड्याने दाढ ठोकली, एकदा, दोनदा, शेजारच्याही ठोकल्या.

ती म्हणाली, "नाही हो. इथे काहीच नाही. दुखतंय ते कुठेतरी आत, दाखवता येत नाही. हातातही उतरल्यासारखं वाटतंय."

मी फोनवर म्हणालो, "हो, कळवळली."

तुझ्या आईने हे ऐकलं. ती माझ्यासमोरच उभी होती, चमचा माझ्या हातात होता. तिने माझ्याकडे बघितलं, मग बाहेर बसलेल्या दोघांकडे. तुझी आई पंचवीस वर्षं शाळेत शिकवत होती, वर्गात कोणी खोटं बोललं की तिला लगेच कळायचं आणि ती सगळ्यांसमोर कधी पकडायची नाही. म्हणाली, "बरं, दाढ तर दाढ." आणि आत जाऊन चहा टाकला.

का केलं म्हणशील. मलाही मोठं कारण सापडलं असतं तर बरं झालं असतं. निकाल देऊन बसलो होतो, दोन माणसं ऐकत होती. एवढंच आहे. लवंग दिली, तू सांगितलेली गोळी दिली. झोपताना तिने मला पाठ चोळून मागितली, खांद्याच्या मधोमध. मी चोळली. डॉक्टर धम्मरत्न जे सांगत होते आणि मी ऐकत नव्हतो, ते नंतर त्यांना पुन्हा विचारलं. हृदयाला म्हणे स्वतःचा पत्ता देता येत नाही. ते दुखलं की हात, जबडा, पाठ, जिथे जमेल तिथून तक्रार करतं. तिने तिन्ही ठिकाणांहून केली होती. पाठ चोळताना माझ्या बोटांखाली होतं सगळं, आणि मला फक्त पाठ लागली. सकाळी सहाला उठवायला गेलो.

ती कळवळली हे मी तिरडी उठायच्या आधी चार जणांना सांगितलं होतं. मग सांगत गेलो. एक वेळ अशी आली की मला तिचं कळवळणं आठवायला लागलं, तोंड कसं झालं होतं तेसुद्धा. मागच्या महिन्यात तुला लिहिलं ते तसंच लिहिलं, हात न अडखळता. चिन्मयने संत्रं सोलत सांगितलं नसतं, तर मी हे घेऊनच गेलो असतो, आणि तुला माझ्या सत्तावीसला आयुष्यभर एकोणतीस धरून बसावं लागलं असतं.

तू बरोबर प्रश्न विचारला होतास. 'नाही' ऐकलं असतंस तर दुसरा प्रश्न तू त्याच श्वासात विचारला असतास, आणि आम्ही सातच्या आत अकोल्याला निघालो असतो. जगली असती का, ते मला माहीत नाही, तुलाही नाही. पण तो दुसरा प्रश्न तुझ्या तोंडून मी काढून घेतला.

हे पत्र चिन्मयला वाचायला दे. गोपाल अजून जिनिंगवर आहे, त्यालाही मी काल बोलावून सांगितलं, म्हणजे उद्या माझा विचार बदलला तर कोणीतरी साक्षीला असावं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वहिनीचा आवाज मले बाहेर आला होता सायेब. मले वाटलं, मलेच नीट आयकू आलं नसन." तोही तीन वर्षं स्वतःलाच चुकीचं समजत होता. अशी किती माणसं मी करून ठेवली आहेत कोण जाणे.

उत्तर नको. यायलाही नको, पायाचं बघायला पुष्कळ लोक आहेत. एक कर. कोणी समोर आ करून बसलं तर हात पुढे जाऊ दे.

मी तुला आजवर सगळं बारीक अक्षरात लिहीत आलो, आणि न कळल्याबद्दल तुलाच आळशी म्हणत आलो. आता पाठभर काढतो, एकेक करून, हळू. ओळख.

ती

कळवळली

नव्हती.

बाबा